आधी किती जण, मग कुठले

भारताच्या समुद्राची दोन वेगळी मापं आहेत. शाळेच्या भूगोलात शिकवतात ते विशेष आर्थिक क्षेत्राचं. तिथली मासळी, तेल, वायू यांवर आपला हक्क, आणि ते भरतं साधारण २० लाख चौरस किलोमीटर. दुसरं माप जहाजावर काम केलेल्यांनाच सहसा माहीत असतं. ते शोध आणि बचाव क्षेत्राचं, आणि ते आहे सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटर. या दुसऱ्या क्षेत्रातल्या पाण्याच्या थेंबावरही त्यामुळे आपला हक्क होत नाही. मात्र तिथे कुणी बुडत असेल, मग तो कुठल्याही देशाचा असो, तर त्याला शोधायची व्यवस्था आपण लावायची. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) इथली तटरक्षक दलाची केंद्रं त्यासाठी रात्रंदिवस जागी असतात.

आपल्या हक्काच्या दुपटीहून मोठं आपल्या जबाबदारीचं क्षेत्र आहे, याचा मला देशाभिमान वाटतो. हा शब्द मी विचार करून वापरतो आहे.

हे लिहायला निमित्त झालं ते इथल्या, रत्नागिरीजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांचं. मर्चंट नेव्हीत कसं जायचं हे सांगायला मला बोलावलं होतं. सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, कशी काढायची, एजंटला पैसे का द्यायचे नाहीत, हे सगळं सांगून झालं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ‘‘सर, तुम्ही आयुष्यभर परदेशी झेंड्याच्या जहाजांवर होतात, सगळ्या देशांच्या लोकांबरोबर राहिलात. मग आता देशबिश हे सगळं मागे टाकून माणसानं जगाचंच व्हावं असं नाही का वाटत तुम्हाला?’’ शेजारचा मुलगा लगेच म्हणाला, ‘‘देश आधी. बाकी सगळं नंतर.’’ दोघंही मनापासून बोलत होती. तास संपला होता, म्हणून मी थोडक्यात आटोपलं. इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात माझ्या आजोबांपासून करायला हवी. दाभोळ खाडीच्या काठचे ते. विसाव्या वर्षी मुंबईला गेले आणि एका गोऱ्या कंपनीच्या बोटीवर आगवाला म्हणून लागले. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून कोळसा ओढणारा. रत्नागिरी जिल्ह्यातली किती घरं या नोकरीवर उभी राहिली ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. आजोबांनी लंडन पाहिलं, सिडनी पाहिलं, मोंबासा पाहिलं. त्या काळात असं जग पाहिलेली माणसं आमच्या तालुक्यात वकील-डॉक्टरांमध्येही सापडली नसती. पण त्याच बोटीवर, त्याच आगीपुढे काम करणाऱ्या गोऱ्या माणसाच्या मानानं त्यांचा पगार कितीतरी कमी होता, करारपत्र वेगळं होतं, आणि झोपायची जागासुद्धा कायद्यानंच कमी ठरवलेली होती. हिंदी खलाशांना ‘लास्कर’ म्हणत आणि लास्करांचे नियम वेगळे असत.

ब्रिटिश साम्राज्य जगभर पसरलेलं होतं. पासपोर्टच्या भानगडीशिवाय माणसं एका खंडातून दुसऱ्या खंडात नेली जात. एक भाषा, एक झेंडा. ‘देश मागे टाका आणि जगाचे व्हा’ असं कुणी म्हणालं की मला आधी हे आठवतं. माझे आजोबा जगाचे होते, आणि त्या जगात ते तळाच्या पायरीवर होते.

त्यातून बाहेर काढलं ते देशाच्या निष्ठेनं. तुतिकोरिनमध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली. गोऱ्या कंपन्यांनी भाडं पाडून आणि सरकारनं त्यांना तुरुंगात घालून ती मोडली. मग सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून त्यांनी एक जुनी आगबोट विकत घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. तिचं नाव होतं ‘एस. एस. लॉयल्टी’. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळतात तो त्यामुळे. या मंडळींच्या सिंदिया कंपनीलाही भाडेयुद्धानं पुरतं छळलं, पण ती टिकली. त्या मुलाचं ‘देश आधी’ मला परकं वाटत नाही ते यासाठी. ज्यांना कुणी माणसात मोजत नव्हतं, त्यांनी आधी आपला झेंडा मिळवला आणि मग जगाला आपल्याशी बरोबरीनं बोलायला लावलं.

आता माझा काळ. माझ्या बहुतेक जहाजांवर पनामा, लायबेरिया किंवा मार्शल बेटांचा झेंडा होता. जगातल्या सगळ्यात मोठ्या तीन जहाज-नोंदण्या याच. लायबेरियाच्या नोंदणीचा कारभार अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून चालतो, मार्शल बेटांचाही तिथूनच. जहाजाचा मालक ग्रीसमध्ये, व्यवस्थापक हाँगकाँगमध्ये, विमा लंडनमध्ये, कॅप्टन युक्रेनचा, इंजिनीअर भारतातले, खलाशी फिलिपिन्सचे. मेसरूममध्ये एकाच टेबलावर अडोबो आणि डाळभात. आम्ही एकमेकांच्या मुलांची नावं ओळखत होतो, एकमेकांच्या सणांना वॉच, म्हणजे कामाची पाळी, बदलून घेत होतो. ती मैत्री खरी होती, आणि तिच्याशिवाय समुद्रावरचे महिने निघाले नसते.

पण पगार थांबला की त्या झेंड्याचा खरा स्वभाव कळतो. एका जहाजावर मालकानं हात वर केले तेव्हा आम्ही आखाताच्या तोंडाशी नांगर टाकून पडलो होतो. गोडं पाणी मोजून मिळू लागलं. डिझेल वाचवायला रात्री जनरेटर बंद. ज्या देशाचा झेंडा मागे फडकत होता, तिथल्या कार्यालयानं आमच्या पत्रांना उत्तर देण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्या देशात आमच्यापैकी कुणीच कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिथल्या कुठल्या खासदाराला आमच्या बायका जाब विचारणार होत्या? आमच्यासाठी हलले ते दोघंच. एक, आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाचा निरीक्षक. तो अरब होता आणि आमच्यातल्या कुणाचाही देशबंधू नव्हता. दुसरं, आपला भारतीय दूतावास. फिलिपिनो पोरांसाठी त्यांचा दूतावास आला. ज्या एका पोराच्या देशात तेव्हा युद्ध पेटलं होतं आणि सरकारच धड नव्हतं, तो सगळ्यात शेवटी उतरला. हे मी विसरू शकत नाही. जगाचं नागरिकत्व त्याच्याइतकं कुणाकडे असणार होतं? पण त्याला घरी नेणारं कुणी नव्हतं.

पुढे सागरी कामगार करारात दुरुस्ती झाली. जानेवारी २०१७ पासून मालकाला विम्याची हमी ठेवावी लागते. खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च त्या हमीतून निघतो. मोठी गोष्ट आहे ती, आणि ती जागतिक पातळीवरच होऊ शकत होती. पण ती प्रत्यक्षात आणायला प्रत्येक बंदरात कुठल्या तरी देशाचा अधिकारी जहाजावर चढून कागद तपासतो, तेव्हाच ती कामाला येते.

तरीही त्या मुलाला मी ‘तुझं बरोबर’ म्हणून मोकळा होणार नाही. त्याचं कारण अरबी समुद्रातली एक पहाट.

मी तेव्हा चीफ ऑफिसर होतो. चार ते आठची वॉच माझी. ओमानमधल्या सूर बंदरातून युरिया भरून कांडल्याकडे निघालो होतो. मे महिन्याचे शेवटचे दिवस, पाण्याला पावसाळ्याआधीचा फुगवटा आलेला. उजाडता उजाडता लुकआउटला निळे ठिपके दिसले. दुर्बिणीतून पाहिलं तर प्लॅस्टिकची पिंपं, आणि पिंपांना धरलेली माणसं. कॅप्टनला उठवलं, अलार्म दिला. त्यानं जहाज वाऱ्याला आडवं घालून आडोसा केला, आम्ही बाजूनं जाळं आणि शिडी सोडली. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, श्रीवर्धनचा होता, आम्ही त्याला सारंगच म्हणायचो. वय पन्नाशीच्या पुढे. तो रेलिंगवर वाकून कर्णा तोंडाला लावून ओरडला, ‘‘कितने आदमी?’’

खालून उत्तर आलं, ‘‘ग्यारह.’’

पहिला प्रश्न हाच असतो. कुठल्याही जहाजावर, कुठल्याही भाषेत. कारण तो आकडा कळल्याशिवाय काम कधी संपलं हे कळणार नाही. ‘अकरा’ म्हटल्यावर अकरा होईपर्यंत शोधायचं. दहा वर आले. काहींना शिडी चढण्याचं त्राण उरलं नव्हतं, त्यांना दोरानं ओढून घेतलं. चीफ कुक काणकोणचा. त्यानं कुणी न सांगता पेज टाकली, कारण उपाशी पोटाला जड अन्न द्यायचं नसतं हे त्याला ठाऊक होतं. अकरावा दिसेना.

ती माणसं कराचीजवळच्या इब्राहिम हैदरीची होती हे मला नंतर समजलं. सारंगानं वही काढून एकेकाचं नाव, बापाचं नाव, गाव, देश लिहून घेतला तेव्हा. तोपर्यंत ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, कुणी ते विचारलंच नव्हतं. आमच्यातल्या काही जणांच्या घरी सैन्यातली माणसं होती. एका कॅडेटचा काका कारगिलला होता. तोच कॅडेट स्वतःचे कोरडे कपडे घेऊन खाली धावला होता. देश विचारला तो त्यांना घरी पोचवण्यासाठी. कराचीच्या बचाव केंद्राशी बोलणं झालं, त्यांनी शोध आपल्याकडे घेतला, दुपारी त्यांचं जहाज आलं, माणसं त्यावर चढली. आम्ही अंधार पडेपर्यंत त्यांच्या सांगण्यानुसार शोधाचे पट्टे मारत राहिलो. अकरावा सापडला नाही. त्याचं नाव सारंगाच्या वहीत शेवटी लिहिलेलं होतं.

समुद्राचा हा कायदा दयाबुद्धीवर सोडलेला नाही. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरच्या जीवांच्या सुरक्षेचा पहिला करार, ‘सोलास’, झाला. आज लागू आहे तो १९७४ चा. संकटातल्या माणसाला मदत करताना त्याचं राष्ट्रीयत्व किंवा दर्जा पाहायचा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. १९७९ मध्ये हॅम्बुर्गला झालेल्या करारानुसार सगळे महासागर बचावासाठी वाटून घेतले गेले, आणि ही आखणी म्हणजे देशांच्या सीमा नव्हेत असंही त्यातच नमूद करून ठेवलं. माझ्या मते माणसानं आखलेल्या रेषांमध्ये ही सगळ्यात शहाणी रेषा आहे. इथून तिथपर्यंतचं काम कुणाचं, एवढंच ती सांगते, आणि ते करायला देशच लागतो. त्याची विमानं, त्याचे पगारी लोक, त्याचा मध्यरात्री उचलला जाणारा टेलिफोन.

शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून संकटसंदेश टिपणारी उपग्रह यंत्रणा उभारली. सप्टेंबर १९८२ मध्ये तिनं पहिला जीव वाचवला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात छोटं विमान कोसळलं होतं, आत तीन माणसं, आणि त्यांचा संदेश टिपला सोव्हिएत उपग्रहानं. त्या यंत्रणेचा बीकन, म्हणजे संकटसंदेश पाठवणारं यंत्र, आज प्रत्येक जहाजावर असतो. बीकन पाण्यात पडला की संदेशात आधीच भरलेला देशाचा क्रमांकही जातो. भारताचा ४१९. कुणाला कळवायचं हे त्यावरून ठरतं. संदेश मात्र सगळ्यांचाच उचलला जातो.

आपल्याकडची उदाहरणं तर अगदी ताजी आहेत. जानेवारी २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी धरलेल्या इराणी मासेमारी नौकेवरून आपल्या ‘आयएनएस सुमित्रा’नं १९ पाकिस्तानी खलाशी सोडवले. डिसेंबर २०२४ मध्ये पोरबंदरहून इराणकडे निघालेलं ‘अल पिरानपीर’ हे गलबत बुडालं. बारा भारतीय खलाशी छोट्या होडीत उतरलेले, आणि जागा पाकिस्तानच्या बचाव क्षेत्रात. दोन्हीकडची केंद्रं शेवटपर्यंत एकमेकांशी बोलत राहिली, पाकिस्ताननं शोधासाठी विमान पाठवलं, आपल्या तटरक्षक दलाच्या ‘सार्थक’नं बाराही जणांना उचललं. दोन्ही देशांचे उच्चायुक्त तेव्हा एकमेकांच्या राजधानीत नव्हते. बचाव केंद्रांचा फोन चालू होता.

क्रम उलटला की काय होतं तेही पाहिलंय जगानं. ऑगस्ट २००१ मध्ये ‘टॅम्पा’ या नॉर्वेच्या जहाजानं हिंदी महासागरात एका बुडत्या होडीतून चारशे तीसहून जास्त माणसं उचलली, बहुतेक अफगाण. उचलायला सांगितलं होतं ऑस्ट्रेलियाच्याच बचाव केंद्रानं. पण माणसं वर आल्यावर ‘कुठले’ हा प्रश्न आधी आला, आणि ऑस्ट्रेलियन सरकारनं त्यांना किनाऱ्याला लावून घेण्याऐवजी जहाजावर कमांडो चढवले. त्यांतल्या बऱ्याच जणांची रवानगी नाउरू बेटावर झाली. कॅप्टन आर्ने रिनन आणि त्यांच्या खलाशांना पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांचा निर्वासितांसाठीचा नान्सेन पुरस्कार मिळाला. मी तेव्हा समुद्रावरच होतो. त्या आठवड्यात आमच्या ब्रिजवर दुसरा विषय नव्हता, कारण प्रत्येकाला ठाऊक होतं की उद्या आपणही त्याच जागी असू शकतो. आणि जून २०२३ मध्ये ग्रीसच्या पायलॉसजवळ साडेसातशेच्या आसपास माणसांनी भरलेला ट्रॉलर कित्येक तास सगळ्यांना ठाऊक असताना बुडाला. १०४ वाचले. त्यात पाकिस्तानी होते, सीरियन होते, इजिप्शियन होते. ग्रीसचं तटरक्षक दल तिथं होतं. ‘किती जण’ हा प्रश्न त्या रात्री मनापासून कुणी विचारला असता तर ती माणसं त्या ट्रॉलरवर राहिलीच नसती.

मे २०१५ मध्ये रोहिंग्यांच्या होड्या थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया यांच्यात ढकलल्या जात होत्या, तेव्हा इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या कोळ्यांनी सरकारचा नकार असताना त्यांना किनाऱ्याला आणलं. ती माणसं कट्टर आचेनीज आहेत. आपली भाषा, आपला धर्म, आपलं स्वातंत्र्य यांसाठी कित्येक दशकं लढलेली. बुडत्याला आणायचंच, हे त्यांच्या कोळ्यांच्या रीतीत बसतं म्हणून त्यांनी आणलं. त्यासाठी त्यांना आधी जगाचं व्हावं लागलं नाही.

म्हणून त्या मुलीला माझं उत्तर असं. देश सोडू नकोस. तुझ्या हक्कांची यादी घेऊन तू जगाच्या कुठल्याही दारात उभी राहिलीस तरी ते उघडायला कुणीतरी देशच लागेल. आणि त्या मुलाला सांगेन, की ‘देश आधी’ हे बऱ्याच ठिकाणी बरोबर आहे, पण जीव जात असेल तिथे देश दुसरा येतो, आणि हे आपल्याच देशानं सही करून मान्य केलेलं आहे. ते पाळणं हीसुद्धा देशाशी निष्ठाच.

हा नियम जमिनीच्या जवळ आल्यावर का थकतो, हे मात्र मला छळतं. गुजरातच्या बोटींवर आपल्या पालघरचे कितीतरी कोळी आणि आदिवासी खलाशी म्हणून जातात. पाकिस्तानच्या हद्दीशी असलेल्या सर क्रीक खाडीच्या बाजूला समुद्रात सरहद्दीची रेषा दिसत नाही, मासळी रेषा मानत नाही, आणि माणसं पकडली जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलानं गोळीबार केला आणि पालघर तालुक्यातल्या वडराईचा एक मच्छीमार मेला. तीच यंत्रणा तीन वर्षांनी ‘अल पिरानपीर’च्या शोधासाठी विमान पाठवते. माणसं तीच, पाणी तेच. बुडत असशील तर मदत, जाळं टाकत असशील तर गोळी.

दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. जानेवारी २०२५ च्या यादीत पाकिस्तानात २१७ भारतीय मच्छीमार होते आणि आपल्याकडे ८१ पाकिस्तानी. शिक्षा भोगून झालेल्या १८३ भारतीयांना सोडा असं आपल्या सरकारनं तेव्हा सांगितलं. शिक्षा संपल्यावरही माणूस आत राहतो, कारण तो नेमका कुठल्या देशाचा याची खातरजमा बाकी असते. ‘कुठले’ हा दुसरा प्रश्न इथे वर्षानुवर्षं चालतो, आणि घरी बायको कर्ज काढून दिवस काढते.

२००७ मध्ये दोन्हीकडच्या निवृत्त न्यायमूर्तींची एक समिती नेमली होती. ती तुरुंगांत जायची, कैद्यांना भेटायची, सुटकेच्या शिफारशी करायची. २०१३ नंतर ती थंडावली. ती पुन्हा बसवावी, आणि भरकटलेल्या मच्छीमाराला पकडून न नेता तिथूनच परत फिरवायचा करार दोन्ही तटरक्षक दलांत व्हावा, अशी मागणी आमच्याकडच्या मच्छीमार सोसायटीनं ठराव करून पाठवावी यासाठी मी गेले काही महिने फिरतो आहे. मसुदा मी लिहून दिला आहे. त्या वर्गातला तो ‘देश आधी’ म्हणणारा मुलगा परवा घरी येऊन त्याची प्रत घेऊन गेला. त्याचे वडील हर्णैला ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे नौकेचे म्होरके, आहेत, आणि सोसायटीच्या पुढच्या बैठकीत तो ती त्यांच्याकडून वाचून घेणार आहे.